दोन घरं आणि एक जागा

फाईलच्या कव्हरावर उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं दोन अक्षरं लिहिलेली होती : 'द्वि. प.' कामगार संघटनेच्या कचेरीत बसून मी बरीच वर्षं लोकांचे अर्ज लिहून दिले आहेत, त्यामुळे सरकारी फाईलवरच्या खाणाखुणा मला बऱ्यापैकी वाचता येतात. ही मात्र विचारावी लागली. आस्थापना शाखेतल्या बाबूंनी आवाज खाली आणला. "द्वितीय पत्नी. अहो, ती पुढे जात नाही."

समोरच्या बाकावर एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा बसला होता. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी. तिच्यात शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्डाची झेरॉक्स, बापाचं मृत्यू प्रमाणपत्र, आणि बापाच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लॅमिनेट केलेला. दाखल्यावर बापाचं नाव होतं, रेशनकार्डावरही होतं. बाप रोज त्याच घरातून डबा घेऊन ड्युटीवर जायचा, हे अख्ख्या वसाहतीला ठाऊक होतं. फाईलला ठाऊक होती ती दोन अक्षरं.

कामावर असताना माणूस गेला की त्याच्या घरातल्या एकाला नोकरी मिळते, ती अनुकंपा नियुक्ती. आपल्याकडे सहज म्हणतात, "पोरगा बापाच्या जागेवर लागला." या बोलण्यातच घोटाळा आहे. ती बापाची जागा नसते आणि तो वारसाही नसतो. सफाई कामगारांच्या बाबतीत लाड-पागे समितीच्या शिफारशींवरून जी नोकरी मिळते ती निराळी. तिथे बाप निवृत्त झाला तरी वारस लागू शकतो. अनुकंपेचं तसं नाही. हरियाणातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९९४ मध्येच सांगून टाकलं की ही सर्वसाधारण भरतीला केलेली सवलत आहे, हक्क नव्हे. कमावता माणूस अचानक गेल्यामुळे घरावर आलेलं संकट निभावून नेणं एवढाच तिचा हेतू. म्हणून तर केंद्र सरकारच्या नियमांत तिच्यासाठी थेट भरतीतल्या जेमतेम ५ टक्के जागा ठेवलेल्या असतात आणि रांग वर्षानुवर्षं हलत नाही.

आता गंमत बघा. त्या मुलानं "माझे वडील तुमच्याकडे अमुक इतकी वर्षं राबले, मला हक्कानं नोकरी द्या" असं म्हटलं, तर कचेरी म्हणते, हा वारसा नाही, बाबा. त्यानं "बरं, वारसा नाही तर नाही, पण घरात चूल पेटत नाही" असं म्हटलं, तर तीच कचेरी विचारते, पण तू कायदेशीर वारस आहेस का? दोन्ही दारं एकाच माणसानं लावून घ्यायची, असा हा प्रकार. माझं म्हणणं साधं आहे. अनुकंपा हा वारसा नसेल, तर अर्जदार कोणत्या आईच्या पोटचा आहे हा प्रश्न तिथे उपराच आहे. विचारायचं एवढंच, की मेलेल्या माणसाच्या पगारावर कोण जेवत होतं आणि आज कोण उपाशी आहे.

कायद्यानं हे मान्य करायला फार वेळ घेतला, पण अखेर मान्य केलं. रेल्वे बोर्डाचं २ जानेवारी १९९२ चं एक परिपत्रक होतं. कर्मचाऱ्याच्या मागे एकाहून जास्त विधवा असतील, तर देणी त्यांच्यात वाटून द्यायला हरकत नाही, मात्र अनुकंपा नोकरीसाठी दुसरी पत्नी आणि तिची मुलं यांचा विचार करायचा नाही. प्रशासनानं विशेष परिस्थितीत दुसऱ्या लग्नाला परवानगी दिली असेल तरच करायचा. म्हणजे बापाचे पैसे घेताना मूल चालतं, नोकरी मागताना चालत नाही. कलकत्ता उच्च न्यायालयानं २०१० मध्ये हे परिपत्रक मुलांपुरतं रद्द केलं. तरी रेल्वे इतर ठिकाणी तेच पुढे करत राहिली. मग मुंबई उच्च न्यायालयातून एक प्रकरण दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ११ डिसेंबर २०१८ रोजी न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. एम. आर. शहा यांनी केंद्र सरकारचं म्हणणं फेटाळलं. हिंदू विवाह कायद्याचं कलम १६ लग्न रद्दबातल असलं तरी त्यातून झालेलं मूल औरस मानतं. संसदेनं ज्याला औरस म्हटलं त्याला परिपत्रक काढून अनौरस कसं करता येईल, हा त्या निकालाचा गाभा. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी तीन न्यायाधीशांच्या पीठानं, पाटण्याहून आलेल्या प्रकरणात, त्यावर पुन्हा शिक्का मारला. या वेळी संविधानाच्या अनुच्छेद १६ चा दुसरा खंड पुढे आला. सरकारी नोकरीत ज्या कारणांवरून भेदभाव करता येत नाही त्यांत धर्म, जात, लिंग यांच्याबरोबर 'कूळ' हाही शब्द आहे. तो आपण एरवी वाचतच नाही. कुणाच्या पोटी जन्माला आलास यावरून नोकरी नाकारायची नाही, इतका त्याचा सरळ अर्थ आहे.

कलम १६ सुद्धा सुरुवातीला असं नव्हतं. १९५५ च्या मूळ कायद्यात कोर्टानं लग्न रद्द ठरवल्याचा हुकूम असेल तरच मुलाला हे संरक्षण मिळायचं. कोर्टात कुणी गेलंच नाही तर मूल उघड्यावर. १९७६ च्या दुरुस्तीनं ही अट काढली. आणि त्याच्याही मागे जायचं तर, कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात लिहिलेल्या मिताक्षरेत, म्हणजे हिंदू कायद्याच्या जुन्या टीकाग्रंथात, शूद्राच्या दासीपुत्राला बापाच्या मालमत्तेत वाटा सांगितलेला आहे. वरच्या तीन वर्णांतल्या अशा मुलाला नुसती पोटगी. त्या व्यवस्थेचं कौतुक करावं असं त्यात काही नाही. पण "असली मुलं आपल्या परंपरेत बसतच नव्हती" असं छाती काढून सांगणाऱ्यांनी परंपरा एकदा उघडून बघायला हरकत नाही. पाट, म्होतूर (दोन्ही दुसऱ्या लग्नाची नावं), लग्नाची बायको, पाटाची बायको, लेकावळा (लग्नाबाहेरचा मुलगा)... एवढे शब्द भाषेत उगाच आलेले नाहीत. समाजाला ही घरं नेहमीच माहीत होती.

तर कायदा झाला. फाईल मात्र बाकावरच.

पहिली अडचण कलम १६ च्याच पोटात आहे. हे कलम रद्दबातल लग्नातल्या मुलाला तारतं, लग्नच न झालेल्यांच्या मुलाला नाही. म्हणजे आईला आधी सिद्ध करावं लागतं की लग्न लागलं होतं. गरिबाघरचं दुसरं लग्न कसं लागतं? कुठल्या तरी देवळात चार माणसांसमोर हार घालून, मंगळसूत्र बांधून. फोटो नाही, पत्रिका नाही, भटजी कोण होता ते आठवत नाही. नवऱ्यानं पहिली हयात असताना केलेलं ते लग्न म्हणजे त्याच्या बाजूनं गुन्हा. पूर्वी दंड संहितेचं कलम ४९४ होतं, आता न्याय संहितेचं ८२. तेव्हा विधवेनं शपथेवर सांगायचं की माझ्या नवऱ्यानं गुन्हा केला होता, तो नीट विधिवत केला होता, आणि साक्षीदार हजर आहेत. "नुसते एकत्र राहत होतो" असं ती प्रामाणिकपणे म्हणाली की मुलगा गेला. खोटं बोलायला शिकवणारी याहून चांगली शाळा नसेल.

दुसरी अडचण नाहरकत प्रतिज्ञापत्राची, आणि माझ्या मते सगळं विष तिथे आहे. कुटुंबातल्या इतर वारसांनी स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायचं, की अमक्याला नोकरी मिळण्यास आमची हरकत नाही. एका घरात हे ठीक चालतं. आई, दोन भाऊ, एक बहीण. रडारड होते, सह्या होतात. दोन घरं असतील तर हाच कागद तलवार होतो. थोरलीची सही मिळाल्याशिवाय धाकटीच्या मुलाचा अर्ज हलत नाही. जिला नवऱ्यानं टाकलं, तिच्याच हातात कचेरी सवतीच्या पोराची दोरी देते आणि म्हणते, तुम्ही आपापसांत मिटवा. मग मिटवामिटवी होते. मधला माणूस येतो. ग्रॅच्युइटीतले इतके दे, मग सही. कधी सही होते, पैसे बुडतात. कधी पैसे जातात, सही होत नाही. न्यायालयानं जो निर्णय संविधानाच्या आधारे दिला, तो इथे दोन विधवांच्या सौद्यावर सोडून दिलेला असतो. आणि कचेरी हात झटकून मोकळी, कारण फाईलवर शेरा पडतो : 'वारसांमध्ये वाद.'

आता थोरलीची बाजू. दुसऱ्या घराच्या मुलाचा कैवार घेणारे लोक इथे घाईनं पुढे जातात, मला जाववत नाही. अर्ज लिहिताना मी दोन्ही घरं पाहिली आहेत. बाहेरून आपल्याला वाटतं की पहिली पत्नी म्हणजे कायद्याची लाडकी आणि दुसरी म्हणजे उपरी. नोकरीच्या गावात बरेचदा उलटं असतं. नवरा बदलीच्या गावी दुसरीबरोबर राहतो. क्वार्टरमध्ये दुसरी, रेशनकार्डावर दुसरी, सेवापुस्तकात नामनिर्देशन दुसरीचं, औषधोपचाराच्या कार्डावर तिची मुलं. थोरली गावाकडे सासू-सासऱ्यांचं करत, कोरडवाहू तुकड्यावर. तिला नवरा गेल्याचं कधी तेराव्याच्या आत कळतं, कधी नाही. ती कचेरीत येते तेव्हा बाबू विचारतात, "तुमचं नाव तर रेकॉर्डवर नाही, बाई." तिच्याकडे लग्नपत्रिका असते, हळद लागलेली, आणि बाकी काहीच नसतं. अशा बाईला कुणी म्हणालं की दुसरीच्या मुलालाही समान वागणूक, तर तिच्या कानाला ते कसं लागेल? ज्याच्यापायी माझा संसार गेला त्याच्याच लेकराला आता सरकारची नोकरीही.

हा राग खोटा नाही. पण तो कुणावर काढायचा हा प्रश्न आहे. गुन्हा केला तो माणूस गेला. मागे राहिलेल्या मुलानं आपली आई निवडलेली नव्हती आणि थोरलीच्या मुलानंही निवडलेली नव्हती. पत्नी म्हणून दुसरीला कायदा जवळजवळ काहीच देत नाही, आणि ते मला फारसं खटकत नाही. औरंगाबादला मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं २०१९ मध्ये सांगितलं की लग्नच बेकायदा असेल तर दुसऱ्या पत्नीला राज्याच्या १९८२ च्या नियमांखाली कुटुंब निवृत्तिवेतन नाही. माहीत असून दुसऱ्याच्या संसारात शिरलेली बाई असेल तर त्याची झळ तिला बसणं समजू शकतं. फसवून आणलेली असेल तर निराळं, आणि फसवलेल्या खूप असतात. पण आईला नाकारलेली गोष्ट मुलालाही नाकारायची, हे आईचं पाप मुलाच्या पदरात टाकणं झालं. न्यायालयानं ही रेघ नीट ओढली आहे : आई वेगळी, मूल वेगळं.

दुसरा आक्षेप असा की, असं केल्यानं द्विभार्येला उत्तेजन मिळेल. हा ऐकला की मला हसू येतं. आपण मेल्यावर दुसरीच्या मुलाला अनुकंपा मिळेल या हिशेबानं बोहल्यावर चढलेला माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. द्विभार्या रोखायची तर ती नवरा जिवंत असताना रोखायची. मुंबई प्रांतानं त्यासाठी १९४६ मध्येच कायदा केला होता, आणि १९५१ मध्ये न्या. छागला व न्या. गजेंद्रगडकर यांनी तो वैध ठरवला. राज्य सरकारचे १९७९ चे वर्तणूक नियम आहेत. पहिली पत्नी हयात असताना दुसरं लग्न केलं तर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. होते का? साहेबांना माहीत असतं. मुकादमाला माहीत असतं. वसाहतीतल्या हळदीकुंकवाला धाकटीला बोलावलं जातं, तेव्हा सगळ्या बायकांना माहीत असतं. "त्याचा घरगुती मामला" म्हणून सगळे गप्प. थोरलीनं अर्ज केला तर "बाई, नवऱ्याची नोकरी गेली तर तुम्ही काय खाणार?" असं समजावून तिला परत पाठवतात. पंचवीस वर्षं निजलेला नियम नवऱ्याच्या तिरडीबरोबर जागा होतो आणि थेट पोराच्या मानगुटीवर बसतो. जिवंत गुन्हेगाराला ज्या कचेरीनं हात लावला नाही, तिला त्याच्या मुलासमोर नीतीच्या गोष्टी करायचा अधिकार नाही.

महाराष्ट्रात आणखी एक सापळा आहे. २८ मार्च २००१ च्या शासन निर्णयानं अट आली की ३१ डिसेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालेल्या कर्मचाऱ्याच्या कुटुंबातलं कुणीच अनुकंपेला पात्र नाही. लोकसंख्येचं धोरण म्हणून तिचं काय व्हायचं ते होवो. पण दोन घरांच्या हिशेबात ती काय करते पाहा. थोरलीची दोन, धाकटीचं एक, झाली तीन. ते तिसरं २००१ नंतरचं असेल तर अट शब्दशः लावून थोरलीची दोघंही बाद. म्हणजे दुसरीचं मूल नोकरी मागताना कुटुंबातलं नाही, आणि पहिलीच्या मुलांना बाद करताना मात्र कुटुंबातलं. बेरजेला घ्यायचं, वाटणीला नाही.

मग करायचं काय? जागा एक आहे. पेन्शन वाटता येते, ग्रॅच्युइटी वाटता येते. बिहारच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००० साली दुसरीच्या अज्ञान मुलांना कुटुंब निवृत्तिवेतनात वाटा दिला होता. नोकरी चिरता येत नाही. २०१८ च्या निकालानंही "द्याच" असं म्हटलेलं नाही. म्हटलंय ते एवढंच, की अर्ज विचारात घ्या, गरज आहे की नाही ते तपासा. दाराशीच हाकलू नका.

माझ्या मते नाहरकतीचा कागद दोन घरांच्या प्रकरणात रद्द करावा. थोरलीला आणि तिच्या मुलांना नोटीस जरूर द्यावी, पण परवानगी देणारी म्हणून नव्हे. तिचाही अर्ज घ्यावा म्हणून. मग कचेरीच्या कल्याण निरीक्षकानं दोन्ही घरी जावं. चौकशीच्या नावाखाली वसाहतीत चहा पिऊन परत यायचं नाही. गावाकडच्या घरातही जायचं. शेत किती, कमावतं कोण, शिकणारं कोण, आजारी कोण. मेलेल्या माणसाचा पगार कोणत्या घरात जात होता आणि कोणत्या घरात जायला हवा असूनही जात नव्हता, हे दोन्ही लिहायचं. त्यावरून जिथे निकड जास्त तिथे नोकरी. दोन्हीकडे सारखीच असेल तर? इथे माझं मत थोरलीच्या घराकडे झुकतं. कायद्यात याला आधार दाखवा म्हणाल तर मला दाखवता येणार नाही. वर्षानुवर्षं ज्या घरात मनीऑर्डरही आली नाही त्याचं काही देणं लागतं, एवढंच मी म्हणेन. पाटण्याच्या निकालातलं 'कूळ' कुणी माझ्या तोंडावर फेकलं तर मला गप्प बसावं लागेल.

आणि हमीपत्र. अनुकंपेवर लागणाऱ्याकडून लिहून घेतात की कुटुंबातल्या इतर अवलंबितांना मी सांभाळीन. न सांभाळल्यास नोकरी जाऊ शकते. केंद्राच्या नियमांत हे स्पष्ट आहे. पण ते एकाच घरापुरतं भरलं जातं. नोकरी कोणत्याही घरात गेली तरी दुसऱ्या घरातल्या अज्ञान मुलांची नावं त्या हमीपत्रात यायला हवीत, आणि ठरलेली रक्कम पगारातूनच परस्पर वळती व्हायला हवी. पतपेढीचा हप्ता कापता येतो, सोसायटीचा कापता येतो, संघटनेची वर्गणी कापता येते. हेही कापता येईल.

त्या पिशवीवाल्या मुलाची थोरली आई पुढे एकदा कचेरीत आली होती. गावाहून सकाळच्या एसटीनं निघून दुपारी पोचली. बरोबर बारा-तेरा वर्षांची मुलगी. मी सही घ्यायला आलेल्यांच्या बाजूचा, म्हणून ती माझ्याकडे बघायलाही तयार नव्हती. स्टॅम्प पेपर वाचून दाखवला. ऐकून घेतलं. मला वाटलं आता शिव्या येणार. ती म्हणाली, "त्याला लागू दे नोकरी. पोरगंच हाय त्येबी. पर हितं माज्या पोरीचं नाव लिवा. तिचं बारावीपत्तूर बघीन म्हणून. मग दिते अंगठा."

मी बाबूंकडे पाहिलं. त्यांनी कागद उलटसुलट करून बघितला. छापील नमुना होता. 'आमची काही हरकत नाही' याच्यापुढे रिकामी जागा फक्त सहीची होती. "यात तसं लिहिता येत नाही," ते म्हणाले. "नमुना बदलेल."

तिनं पदर सावरला, मुलीचा हात धरला, आणि अंगठा न देता साडेचारच्या गाडीनं परत गेली.